पपा बांबोळीला आयसीयूत आहेत, प्रार्थना करा… आणि चवथीचं काय करू ते पण सांगा

कुळागरातली
नमस्कार मंडळी. मी इथे नुसती वाचणारी, कधी पाककृतीच्या धाग्यावर एखादं "मस्त" टाकलं असेल तेवढंच. आज लिहितेय कारण आईसमोर रडता येत नाही, भाऊ बोलतच नाही आणि नातेवाईकांचे फोन उचलायची भीती वाटते.

माझे पपा, वय ६४, गोमेकॉत, म्हणजे बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात, आयसीयूत आहेत. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) झालाय. आमचं कुळागर, म्हणजे सुपारीची बाग, आहे सावईकडे, पावसात पाटाचं पाणी, चिखल, गळलेल्या सुपाऱ्या आणि उंदीर तर विचारूच नका, त्यात पपा अनवाणी. भावाने आणून दिलेले गमबूट खोपीत टांगलेले आहेत, अजून लेबल पण काढलेलं नाही. आधी ताप आला, मग अंगदुखी, पोटऱ्या एवढ्या दुखायच्या की हात लावू देत नव्हते, डोळे लाल, सगळे म्हणाले डेंग्यू असेल. मग लघवी कमी झाली, डोळे पिवळे दिसायला लागले आणि एका पहाटे धाप लागली तेव्हा १०८ ला फोन केला.

आता व्हेंटिलेटरवर आहेत. फुप्फुसात रक्तस्राव झालाय, किडन्या काम करत नाहीत म्हणून डायलिसिस चालू आहे, प्लेटलेट २२ हजार. डॉक्टर रोज समजावून सांगतात, मी मान हलवते आणि बाहेर आल्यावर काही आठवत नाही.

चवथ पुढच्या आठवड्यात आहे. गणपती आमच्याच घरात असतो, मूळ घर, सगळे काका-चुलतभाऊ इथेच येतात. माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर फळं-फुलं टांगतात ती चौकट, दरवर्षी पपा बांधतात, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. आई म्हणते गणपती आणायचाच. काका म्हणतात माणूस असा पडलेला असताना आरत्या कसल्या म्हणायच्या. त्यात आत्याने देवीकडे प्रसाद लावून घेतला, म्हणजे मूर्तीला पाकळ्या चिकटवून कौल घेतात तो, तो डावा पडला म्हणजे नकार आला, आणि ती रोज फोन करून आईला सांगते की काहीतरी राहून गेलंय, आधी ते शोधून काढा. आईने दोन घास खायचे पण सोडलेत.

तुमचा जो कोण देव असेल त्याच्या कानावर घाला एवढंच मागते. पपांचं नाव इथे लिहीत नाही, सावईच्या कुळागरातले पपा म्हटलं तर देवाला कळेल.

पेडणेकरीण
अगो बाय, वाचून हात थरथरले. उद्या सकाळी भगवतीकडे जाऊन नारळ ठेवते आणि गाऱ्हाणं घालते. आईला जवळ घेऊन बस. बरें जातलें.

म्हापसा_बाजार
बोडगेश्वराला सांगितलं आत्ताच, दुकान बंद करून येताना. काही लागलं तर हाक मार, मी रोज पणजीला येतो, बांबोळी काय लांब नाही.

डॉ_सुट्टीवर
मी तुझ्या पपांना तपासलेलं नाही, त्यामुळे त्यांच्याबद्दल जे सांगायचं ते तिथलेच डॉक्टर सांगतील. फक्त आजाराबद्दल चार गोष्टी लिहितो म्हणजे उद्या डॉक्टर बोलतील तेव्हा डोक्यात शिरेल.

लेप्टोचे जंतू उंदरांच्या, गुरांच्या, कुत्र्यांच्या मूत्रातून पाण्यात येतात आणि पायाला खरचटलेलं असेल तिथून किंवा डोळ्या-नाका-तोंडातून आत जातात. ताप यायला साधारण ५ ते १४ दिवस लागतात, म्हणून नेमकं कुठल्या दिवशी झालं ते शोधत बसू नका. सुरुवातीला डेंग्यूसारखाच दिसतो, आणि रक्ताची आयजीएम तपासणी पहिल्या काही दिवसांत निगेटिव्ह पण येते, त्यामुळे कुणी उशीर केला वगैरे घरात भांडत बसू नका. बहुतेकांचा ताप साध्या गोळ्यांनी जातो, थोड्या लोकांत कावीळ, किडनी आणि फुप्फुसं अशी तिन्ही धरली जातात, तुझे पपा त्या थोड्यांत आहेत.

फुप्फुसातला रक्तस्राव हा यातला सर्वात वाईट भाग, तिथे खोटा धीर देणार नाही. किडनीचं मात्र सांगतो, लेप्टोने बंद पडलेली किडनी माणूस यातून निभावला तर बहुतेक वेळा परत काम करायला लागते, कायमचं डायलिसिस क्वचितच. म्हणजे आत्ताचं डायलिसिस हे किडनीला उसंत मिळावी म्हणून आहे. प्लेटलेटच्या आकड्याला धरून बसू नका, आकड्यापेक्षा रक्त कुठून जातंय का ते डॉक्टर बघतात. आणि हो, पपईच्या पानांचा रस कुणीतरी बाटलीत घेऊन येणारच, तो नळीतून घालायला सिस्टरला सांगू नका.

रोज तीनच गोष्टी विचार: ऑक्सिजन किती टक्के द्यावा लागतो (आपण हवेतून २१ टक्के घेतो), लघवी किती झाली, ब्लड प्रेशरसाठी औषध चालू आहे का. वहीत लिहून ठेव. चार दिवसांची वही बघितली की कुठल्या दिशेने चाललंय ते तुझं तुलाच दिसेल.

नास्तिक_नाना
प्रार्थना माझ्याकडून होणार नाही, तो माझा प्रांत नाही. रक्तगट कुठला? मी ओ पॉझिटिव्ह, शेवटचं रक्त देऊन ९० दिवस कधीच उलटलेत, फोंड्यात राहतो, गाडी आहे, रिटायर्ड आहे. कुठे आणि किती वाजता ते सांगा.

काणकोणचो_बाब
नाना, तुम्हाला कुणी विचारलं का तुमचा प्रांत कुठला ते? पोरीने काय मागितलंय आणि तुम्ही काय ऐकवताय.

नास्तिक_नाना
ऐकवलं कुठे, रक्तगट विचारला.

पेडणेकरीण
दोघे गप्प बसा पाहू. इथे नको.

कुळागरातली
नानाकाका, पपा बी पॉझिटिव्ह आहेत पण रक्तपेढीत म्हणाले कुठल्याही गटाचे दाते चालतील, घेतलेल्या पिशव्यांच्या बदल्यात भरायचं आहे. भावाने दिलं, दोन चुलतभाऊ तापातून नुकतेच उठलेत त्यांना नाही घेतलं. तुम्ही खरंच येणार असाल तर व्यनि (खासगी निरोप) करते.

डॉक्टर, वही केली. आजचं: ऑक्सिजन ८० टक्के, लघवी २४ तासांत १५० मिली, प्रेशरचं औषध चालू. यात चांगलं काय आहे का?

डॉ_सुट्टीवर
चांगलं म्हणणार नाही. उद्याचा आकडा लिही.

आयसीयू_सिस्टर
मी दुसऱ्या हॉस्पिटलात आहे, पण आयसीयू सगळीकडे सारखंच. आत सोडतील तेव्हा हात नीट धुऊन जा आणि पपांशी बोल. झोपेचं औषध चालू असतं, किती ऐकू जातं ते कुणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही, पण ओळखीचा आवाज आला की नाडी जरा शांत होताना मी कितीदा बघितलंय. रडत "पपा डोळे उघडा" म्हणू नको, कुळागराचं सांग, पाऊस किती पडला, सुपारी किती गळली, कुत्रं जेवलं का, असलं.

अंगारा, तीर्थ, तेल, फुलं आत नेऊ नका. अंगारा कपाळाला लावला तर तो नळीच्या चिकटपट्टीखाली जातो, डोळ्यात जातो, आणि नंतर साफ करत बसतो आम्ही. पुडीत बांधून उशीखाली ठेवायची असेल तर सिस्टरला विचारा, बऱ्याचदा नाही म्हणत नाहीत. घरच्यांपैकी डॉक्टरांशी बोलायला एकच माणूस ठरवा, नाहीतर पाच काका पाच वेळा विचारतात आणि घरी पाच वेगवेगळ्या गोष्टी पोचतात. आणि आईला रोज तिथे बसवू नका, बाकड्यावर बसून तिचीच शुगर चढेल.

दूरदेशी_गोंयकार
मस्कतहून लिहितोय. कुणी वाईट वाटून घेऊ नका पण मी असतो तर मुंबईला नाहीतर बंगळूरला हलवलं असतं, एअर अँब्युलन्स मिळते आजकाल. पैशांचं इथे बघू, मी सुरुवात करतो, आमच्या ग्रुपवर टाकतो.

डॉ_सुट्टीवर
मन मोठं आहे तुमचं, पण ८० टक्के ऑक्सिजनवर आणि फुप्फुसातून रक्त येत असलेल्या पेशंटला स्ट्रेचरवरून विमानात चढवणं म्हणजे काय ते जरा विचारात घ्या. तिथे जाऊन मिळणार काय, तर तेच व्हेंटिलेटर, तेच पेनिसिलिन नाहीतर सेफ्ट्रायॅक्सोन आणि तेच डायलिसिस. हलवायचं की नाही ते उपचार करणाऱ्या टीमला सरळ विचारा. आणि गोव्यात दर पावसाळ्यात लेप्टोचे पेशंट येतात, ज्यांनी आजार रोज बघितलाय ते डॉक्टर मला जास्त बरे वाटतात.

मांडवीपार
गोमेकॉ म्हणजे १८४२ सालापासूनची वैद्यकीय शाळा आहे, पोर्तुगीजांच्या वेळची, आशियातल्या जुन्यांतली एक. आपल्याकडे कायम दुसऱ्या गावचा वैद्य बरा. असो. पैशांवरून आठवलं, दीनदयाळ स्वास्थ्य सेवेचं, म्हणजे गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं, कार्ड रिन्यू केलेलं आहे का बघून ठेव. तिघांपर्यंतच्या कुटुंबाला २.५ लाख, चौघे किंवा जास्त असतील तर ४ लाख. पुढे कुठे खासगीत काही करायची वेळ आली तर उपयोगी पडेल. आत्ताच एखाद्या चुलतभावाला त्या कामाला लावून टाक, काका लोकांना पण काहीतरी काम द्या म्हणजे ते आरतीवरून भांडणार नाहीत.

धागा_संपादक
वरचा एक प्रतिसाद उडवला आहे. आयसीयूतल्या माणसाच्या धाग्यावर येऊन "सात दिवसांत किडनी साफ" असला काढा विकायचा नाही. परत दिसलं तर खातं बंद.

काणकोणचो_बाब
प्रसादाबद्दल लिहायचं राहिलं होतं. आमच्या घराण्याकडे देवळातली सेवा पिढ्यान् पिढ्या आहे, कुठलं देऊळ ते सांगत नाही. लहानपणापासून पाकळ्या लावताना बघत आलोय. देवीला विचारायचं ते एक साधं सरळ मागणं घेऊन, आणि तेही घरच्या कर्त्या माणसाने देवळात उभं राहून. आत्याने काय शब्दांत विचारलं ते तरी आईला माहीत आहे का? "माझा भाऊ बरा होणार की नाही" असं विचारलं असेल तर आमचे आजोबा असला प्रश्न घेतच नसत, म्हणत की आयुष्याची दोरी पाकळीला विचारायची नसते. आणि पाकळी डावी पडली म्हणून कुणी औषध थांबवलंय असं मी तरी बघितलं नाही. देवीला सांगणं करा, हवं तर पपा बरे झाले की अभिषेक करीन म्हणून बोलून ठेवा, आणि आत्याचा फोन भावाकडे द्या.

नास्तिक_नाना
हे मात्र मला पटलं. आत्याचा फोन भावाकडे.

गोंयचें_मोतीं
माझ्या सासऱ्यांच्या वेळी पण अस्संच, डावा पडला होता, ते नंतर अकरा वर्षं जगले आणि रोज सकाळी तिखट भजी खायचे. पाकळीला ओलावा कमी असला तरी पडते हो. देवीने माफ करावं, पण पंख्याखाली पण पडते.

कुळागरातली
हसू आलं हो, बरं वाटलं. नानाकाका येऊन रक्त देऊन गेले, वर आईसाठी पाव आणि भाजी घेऊन आले, आई त्यांना ओळखत नाही तरी त्यांच्यासमोर खाल्लं तिने, परक्या माणसाला नाही कसं म्हणायचं म्हणून.

ऑक्सिजन ७०. लघवी २००. प्रेशरचं औषध अजून आहे पण कमी केलं म्हणाले.

एक सांगायचं होतं. पपांच्या शेजारच्या खाटेवर कुडतरीचे एक काका आहेत, त्यांची बायको माझ्याबरोबरच बाहेर बसते. आज ती म्हणाली "चल गो, मागून येवया", आणि मला आणि आईला घेऊन फुलांच्या खुरसाकडे गेली, हायवेवर बांबोळीचा खुरीस, म्हणजे क्रॉस, आहे ना तो. मी आयुष्यभर बसमधून जाताना बघितला, थांबून कधी उतरले नव्हते. तिथे झेंडूच्या माळा घेऊन कितीतरी हिंदू बायका, कपाळावर कुंकू, आणि प्रत्येकीच्या हातात हॉस्पिटलची फाईल. आईने शांतादुर्गेचं नाव घेत मेणबत्ती लावली. त्या ताईने दोन लावल्या, एक तिच्या नवऱ्याची आणि एक पपांची. तुम्ही कुणी मागत असाल तर कुडतरीच्या काकांसाठी पण मागा.

पेडणेकरीण
मागते गो, दोघांसाठी.

म्हापसा_बाजार
उद्या शुक्रवार, आमच्या बाजाराचा दिवस, येता-जाता चर्चमधल्या मिलाग्रीस सायबिणीकडे तेल घालून येतो. लईराई देवीची भयण ती, आपल्यातलीच.

मांडवीपार
चवथीचं उत्तर कुणीच देत नाही म्हणून मी देतो. सोयर नाही, सुतक नाही, मग गणपती चुकवायचं कारण काय? दीड दिवसाचा आणा, घुमट-शामेळ वाजवायला नको वाटत असतील तर नको, साध्या टाळांवर आरती म्हणा. फटाके नकोत. नेवऱ्या-मोदक शेजारच्यांना सांगा, दरवर्षी तुमच्याकडून नेतात ना, एक वर्ष तिकडून येऊ देत. काकांचं मन मोडू नका, त्यांना एवढंच विचारा की पपांना शुद्ध आल्यावर पहिला प्रश्न काय विचारतील. आमचे असते तर "गणपती बसला मरे?" हाच.

गोंयचें_मोतीं
मी थोडं उलट लिहिते. आमच्याकडे एका वर्षी असंच आई हॉस्पिटलात असताना गणपती आणला आणि सगळ्या बायका स्वयंपाकघरात नि हॉस्पिटलात पळून पळून आजारी पडल्या, देवासमोर कुणी पाच मिनिटं बसलं नाही. आणायचा असेल तर खतखतें, पातोळ्या, पंचवीस माणसांचं पान हे सगळं सोडायची तयारी ठेवा. नुसता भात-वरण-मुगागाठीचा नैवेद्य. पाहुण्यांना आधीच फोन करून सांगा की आरतीला या, जेवायला नको. वाईट वाटतं सांगायला पण सांगा.

आयसीयू_सिस्टर
याला दहा लाईक. बायकांच्या जिवावर चवथ आणि बायकांच्याच जिवावर हॉस्पिटल, असं करू नका. रात्रपाळीला काका लोक बसू शकतात, बाकडं सगळ्यांना सारखंच टोचतं.

कुळागरातली
आणायचं ठरलं. मांडवीपार काकांचा प्रश्न मी काकांना जसाच्या तसा विचारला, ते काहीच बोलले नाहीत, मग थोड्या वेळाने म्हणाले मूर्तीची ऑर्डर मी देऊन येतो. पान साधं.

आता माटोळीचं. भावाला बांधता येत नाही, त्याला गाठी माहीत नाहीत. मला माहीत आहेत, कारण लहानपणापासून पपांच्या हाताखाली सुंभ आणि केवणीच्या दोऱ्या देणारी मीच. पण आमच्यात बाईने माटोळी बांधलेली कुणी बघितली नाही आणि मोठी काकी म्हणते चालत नाही. चालत नाही म्हणजे कुठे लिहिलंय का?

काणकोणचो_बाब
कुठेही नाही. शिडीवर पुरुष चढायचे म्हणून पुरुष बांधायचे, माझ्या बघण्यात तरी दुसरं कारण नाही. बांध तू.

सत्तरीची_रानवाट
मी इथे नवीन. आमचं घर रानाला लागून आहे, कवंडळं या वर्षी भरपूर आलीत, लाल झालेली पण मिळतील, घागऱ्या, कांगणी, रानातलं जे काय हवं ते आणून देतो. फोंड्यापर्यंत येईन, पुढे कुणी नेईल का?

नास्तिक_नाना
फोंड्यापासून मी नेतो. माटोळीवर माझा विश्वास बसलेला नाही, पण कवंडळ मला आवडतं दिसायला.

म्हापसा_बाजार
तोरींग आणि चिबूड माझ्याकडून. चवथीआधी भाव काय होतात ते मला विचारू नका, मीच विकतो.

कुळागरातली
शिपटी, नारळाची पेंड, केळीचा घड हे आमच्याच कुळागरातलं. पपांनी घड आधीच हेरून ठेवला होता, त्याला दोरी बांधलेली सापडली.

वही: ऑक्सिजन ५०. लघवी ७००. प्रेशरचं औषध बंद केलं.

डॉ_सुट्टीवर
आता म्हणतो. हे चांगलं आहे.

कुळागरातली
चवथ झाली. बऱ्याच दिवसांनी लिहितेय, तुम्ही सगळे विचारत होतात, माफ करा.

आधी वाईट सांगते. कुडतरीचे काका गेले, चवथीच्या आदल्या रात्री. मी घरी माटोळीखाली होते, भावाचा फोन आला. ती ताई दुसऱ्या दिवशी सामान घ्यायला आली तेव्हा भावाला भेटली आणि पपा कसे आहेत ते विचारून गेली. तेच डॉक्टर, तीच मेणबत्ती, तोच खुरीस. मी यावर कुणाचं काही ऐकून घ्यायच्या स्थितीत नाही, त्यामुळे देवाने असं का केलं आणि देव असतो की नसतो यावर इथे कृपा करून कुणी लिहू नका. पुढच्या आठवड्यात मी आणि आई कुडतरीला जाऊन येणार आहोत.

पपांची नळी चवथीच्या दुसऱ्या दिवशी काढली. आवाज अगदी खर्जात, कळत नाही काय बोलतात. पण एक भलतंच चाललंय, त्यांना वाटतं ते कदंबा बसमध्ये आहेत आणि कंडक्टर त्यांना बाणस्तारीला उतरू देत नाही. रात्री सलाईन ओढायला बघतात. सिस्टरना "तिकीट काढलंय मी" म्हणून ओरडले. मला ओळखतात, भावाला ओळखत नाहीत. आई फार घाबरली आहे की डोक्यावर परिणाम झाला.

आयसीयू_सिस्टर
अगं घाबरू नको, व्हेंटिलेटरवरून उतरलेल्या वयस्कर माणसांत हे खूप दिसतं, डिलिरियम म्हणतात, बहुतेकांचं काही दिवसांत निवळतं. डॉक्टरांना मात्र नक्की सांगून ठेव. चष्मा लावत असतील तर चष्मा नेऊन दे, दिसायला लागलं की अर्धी भीती जाते. दिसेल असं घड्याळ ठेवता आलं तर विचारा. दिवसा जागं ठेवा, रात्री झोपू द्या. "तुम्ही बसमध्ये नाही" म्हणून वाद घालू नका, बसचा विषय सोडून द्यायचा आणि "पपा, आपण बांबोळीला आहोत, तुम्हाला ताप आला होता, आता बरं वाटतंय" एवढंच पुन्हा पुन्हा. भावाला वाईट वाटत असेल, त्याला पण सांग हे.

मांडवीपार
कुडतरीच्या काकांना सद्गती मिळो. ताईला आमचा निरोप द्या, ओळख नाही तरी द्या.

पेडणेकरीण
चष्मा आधी ने गो.

दूरदेशी_गोंयकार
माझ्या एअर अँब्युलन्सवर हसलात तरी चालेल आता. ग्रुपवर थोडे पैसे जमलेत, तुम्हाला नको असतील तर कुडतरीच्या घरी लागतील का विचारा, नाव न सांगता द्या.

कुळागरातली
विचारते. देव बरें करूं तुमचें.

चष्मा दिल्यावर भावाला ओळखलं. पहिला प्रश्न गणपतीचा नव्हता, मांडवीपार काका, पहिला प्रश्न होता "सुपारीक वखद मारलें?" पावसात कोळरोगासाठी बोर्डो मारायचं असतं ते. भाऊ खोटं हो म्हणाला आणि बाहेर येऊन माणसं शोधायला लागला.

आता वॉर्डात आणलंय. डायलिसिस एक दिवसाआड. लघवी एकदम वाढली, २४ तासांत ३ लिटर, आणि आता सगळे पाहुणे शहाळी घेऊन येतात. कुणी म्हणतं किडनीला शहाळं चांगलं, वॉर्डातल्या बाई म्हणतात विषासारखं. नक्की काय?

डॉ_सुट्टीवर
शहाळ्यात पोटॅशियम भरपूर. किडनी बंद असताना ते बाहेर टाकलं जात नाही आणि हृदयाचे ठोके बिघडतात, म्हणून डायलिसिसच्या पेशंटला नाही म्हणतात. पण लेप्टोतून किडनी सावरताना लघवी अशी धो धो होते तेव्हा पोटॅशियम उलट खालीही जाऊ शकतं. त्यामुळे हो किंवा नाही हे मी इथून सांगणार नाही, रोजचा रिपोर्ट बघून वॉर्डातले डॉक्टर आणि डाएटीशियन सांगतील, आज नाही म्हटलं तर चार दिवसांनी हो पण म्हणतील. तोवर शहाळं, केळं, टोमॅटो विचारल्याशिवाय नाही. भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकडायच्या आणि ते पाणी फेकून द्यायचं. उकड्या तांदळाची पेज चालेल, तोंडी लावायला खारातला आंबा नाही.

आणि कुळागरात औषध मारायला जी माणसं शोधतोय भाऊ, त्यांना गमबूट घातल्याशिवाय पाटात उतरवू नका. जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन विचारा, जोखमीच्या कामाला पावसात आठवड्यातून एकदा डॉक्सीसायक्लिन २०० मिलिग्रॅम देतात, पण ती त्यांनी दिली तरच, गरोदर बायका आणि लहान मुलांना नाही.

गोंयचें_मोतीं
खारातला आंबा नाही म्हटल्यावर पेज उतरायची कशी ते पण सांगा डॉक्टर.

डॉ_सुट्टीवर
कोकमाची दोन सालं पेजेत टाकून चालतात का ते डाएटीशियनना विचारा. मीठ न लावलेली.

कुळागरातली
पपा म्हणाले असली पेज गुरांना पण घालत नाहीत. पण खाल्ली. भावाला केंद्रात पाठवलंय, चार माणसं आणि चार जोड्या गमबूट मिळाले. मंडळी, भेटायला येणाऱ्यांनी कृपा करून शहाळी आणू नका.

म्हापसा_बाजार
मी आत्ताच सहा शहाळी गाडीत टाकून बांबोळीला वळलो होतो. बरं. वॉर्डातल्या सिस्टर लोकांना चालतात ना?

आयसीयू_सिस्टर
चालतात. कोयतो घेऊन या बरोबर, आमच्याकडे नसतो.